पांढरीवर चालणारा जेसीबी आणि आपल्याला न येणारे शब्द

मित्रांनो, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. नगरपालिकेचं, तिकिटाचं, गटबाजीचं यात काही नाही. तरी विषय तुमच्या गावचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

झालं असं की, मागच्या महिन्यात एका गावातून फोन आला. "भाऊ, गावाजोळ उत्खनन चालू हाय. जेसीबी लावला. या न् फोटो काढा." गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या केल्यावर 'उत्खनन' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, हे तुम्हाला सांगायला नको. मुरूम, रेती, टिप्पर, तलाठी, पंचनामा, ब्रास, दंड. मी गाडीला किक मारली आणि निघालो.

जाऊन पाहतो तर नदीच्या अंगाला गावाची जुनी पांढर. उंच टेकाड. ते अर्ध्यातून उभं कापलेलं, दीड-दोन पुरुष खोल. आणि त्या कापलेल्या भिंतीत पट्टेच पट्टे. राखेचा करडा पट्टा, त्याखाली पिवळट माती, पुन्हा राख, मग भाजून लाल झालेली माती. मधूनमधून खापरं अडकलेली, हाडांचे तुकडे. एका जागी तर अर्धी चूल दिसत होती. उरलेली अर्धी ट्रॉलीत गेलेली असणार. ट्रॅक्टरवाल्या पोराला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "बुढे लोक सांगत, इथी जुनं गाव होतं म्हणून. आता काय हाय तिथी? माती चांगली हाय, भरण टाकाले नेऊन राह्यलो."

मी फोटो काढले, माहिती घेतली, बातमी पाठवली. अवैध उत्खनन, इतके ब्रास माती लंपास, महसूल बुडाला, प्रशासन झोपेत. दुसऱ्या दिवशी छापून आली. संध्याकाळी माझ्या शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या गुरुजींचा फोन. म्हणाले, "बातमी वाचली. माती किती गेली ते लिहिलं तू. मातीत काय होतं ते काहून नाही लिहिलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते पाहिलं होतं, पण त्याला काय म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. ज्याला नाव माहीत नाही ते बातमीत लिहिणार कसं? ब्रास माहीत होते, ब्रास लिहिले.

त्या रात्री मुलीचं पाचवीचं 'परिसर अभ्यास' भाग दोन काढून बसलो. हो, पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस पाचवीचं पुस्तक घेऊन बसला. मग पुढे जे सापडलं ते वाचत गेलो. त्यातून जे शब्द हाती लागले ते आज तुमच्यासमोर ठेवतो. पुस्तकी व्याख्या नकोत, आपल्या मातीतच पाहू.

सुरुवात पांढरीपासून. हा शब्द पुण्या-दिल्लीच्या विद्वानांनी दिलेला नाही, तो आपल्या बापजाद्यांचा आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली की घरं पडतात, मातीच्या भिंती विरघळतात, चुलीची राख, शेण, चुना, कचरा साचत जातो आणि काळ्या रानात एक फिकट टेकाड उभं राहतं. आपल्याकडे त्यावरच पुढे देशमुख-पाटलांच्या गढ्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातले पुरातत्त्वाचे अभ्यासक जुनी वस्ती शोधायला निघतात तेव्हा गावकऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतात, की पांढर कुठं आहे. म्हणजे या शास्त्राचा एक मोठा शब्द आपल्या आजीला माहीत होता, आपणच तो विसरलो.

दुसरा शब्द स्तर. मी पाहिलेले ते पट्टे म्हणजे स्तर. कडब्याची गंजी डोळ्यासमोर आणा. सगळ्यात खालची पेंढी आधी रचलेली, वरची शेवटी. पांढरीचंही तसंच. खालचा थर जुना, वरचा नवा. म्हणून एखादा मणी किंवा खापर कोणत्या थरात मिळालं यालाच सगळी किंमत. जागेवरून उचलून घरी आणलेला मणी शोभेची वस्तू होतो. जागेवर असेपर्यंत तो साक्षीदार असतो. जेसीबीचं एक बकेट पाचशे-हजार वर्षांचे साक्षीदार एका ट्रॉलीत कालवून टाकतं. त्यानंतर जगातला कितीही मोठा शास्त्रज्ञ आणा, त्याला त्यातून क्रम लावता येणार नाही.

आता काळाचे शब्द. हे आपण शाळेत घोकले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. माणूस दगडाची हत्यारं वापरत होता तो काळ अश्मयुग. त्याचे तीन भाग. पुराश्मयुग म्हणजे शिकार, कंदमुळं आणि ओबडधोबड दगडी हत्यारं. मध्याश्मयुग म्हणजे नखाएवढी बारीक, धारदार दगडी पाती. नवाश्मयुग म्हणजे घासून गुळगुळीत केलेली हत्यारं, शेती, पाळलेली जनावरं. तांबं आलं पण दगड सुटला नव्हता, तो ताम्रपाषाणयुग. मग लोखंड, म्हणजे लोहयुग. दगड, तांबं-कासं, लोखंड अशी विभागणी डेन्मार्कच्या थॉमसन यांनी 1836 मध्ये मांडली, तीही कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू नीट लावता लावता. भारतात पुराश्मयुगाची ओळख झाली ती रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरम इथं सापडलेल्या एका दगडी हत्यारामुळे.

आता म्हणाल, मद्रास न् डेन्मार्कचं आम्हाला काय? तर ऐका, हे सगळं आपल्या अंगणात आहे.

ताम्रपाषाणयुग पाहायचाय? चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी. तिथं 1984-85 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. पी. बोपर्डीकर यांनी उत्खनन केलं. 1996 मध्ये त्याचा अहवाल पुस्तकरूपात निघाला. खालच्या थरांत माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत खापरं मिळाली. म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं माणसं शेती करून राहत होती. ते काय पिकवत आणि खात होते, याचा अभ्यास तिथल्या जळक्या दाण्यांवरून झाला. चुलीत पडून जळालेला दाणा! आपण चूल सारवताना झाडून टाकतो तो.

लोहयुग पाहायचाय? तोही चांदूर बाजार तालुक्यातच, फुपगाव. पूर्णेच्या वळणात वसलेलं ठिकाण. डिसेंबर 2018 ते मार्च 2019 या काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथं उत्खनन केलं. गोलाकार घराचा पूर्ण आराखडा, खांब रोवल्याचे खळगे, चुली, लोखंडाच्या आणि तांब्याच्या वस्तू, अकीक-कार्नेलियनसारख्या दगडांचे मणी मिळाले. काळ इ.स.पू. सातवं ते चौथं शतक. म्हणजे बुद्धाच्या आगेमागे आपल्या पूर्णाकाठी लोहार होता, मणी घालणारी बाई होती. त्या जागेचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग नदीच्या पुराने खाऊन टाकलाय. उरलं तेवढ्यातून हे सगळं कळलं.

सांगा, तुमच्यापैकी किती जण मुलांना घेऊन फुपगावला गेलात? मी स्वतः गेलो नव्हतो. ते उत्खनन चालू होतं त्या चार महिन्यांत माझ्या नावावर 'अवैध उत्खनन' या मथळ्याच्या बातम्या किती, ते मोजायची हिंमत नाही. शब्द एकच. एका उत्खननात ब्रश, खुरपं, सेंटिमीटर आणि वही. दुसऱ्यात जेसीबी, रात्र आणि ब्रास. आपल्याला दुसरंच ठाऊक.

आणखी एक शब्द, महापाषाण. मोठाले दगड गोलात रचून त्याखाली मृतांना पुरायची रीत. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं अशी शिलावर्तुळं आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. विदर्भ हा या काळाच्या अभ्यासात देशभर नाव असलेला प्रदेश आहे. मागासलेला भाग, मागासलेला भाग असं ऐकत मोठे झालेल्या आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

संस्कृती या शब्दाने तर सगळ्यात जास्त घोळ घातलाय. आपल्याला वाटतं संस्कृती म्हणजे मोठी शहरं, देवळं, राजे. पुरातत्त्वात तसं नाही. एकसारखी भांडी, घरं, हत्यारं वापरणाऱ्या लोकांचा एक काळ आणि एक प्रदेश, म्हणजे एक संस्कृती. तिला नाव मिळतं ते जिथं ती पहिल्यांदा ओळखली गेली त्या गावाचं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं एक साधं गाव. 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं आणि आज देशभरातले विद्यार्थी 'जोर्वे संस्कृती' शिकतात. घोडनदीकाठच्या इनामगावला 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी हंगामामागून हंगाम काम केलं, शंभरावर घरं उघडी केली. शेतकऱ्याचं तीन हजार वर्षांपूर्वीचं आयुष्य त्यातून कळलं. शहरं, लिपी, बाजार, मोजमापं आली की तिला नागरी संस्कृती म्हणायचं, जशी हडप्पा. पण नागरी नाही म्हणून जोर्वेवाले काही रानटी ठरत नाहीत. ते शेतकरी होते. आपले होते.

आणि प्रागितिहास, इतिहास यांतली रेघ कुठं? लिखाणापाशी. लिखाण नाही तो प्रागितिहास. लिखाण आहे पण वाचता येत नाही, किंवा अर्धवटच आधार आहे, तो मधला आद्य इतिहास. हडप्पाची लिपी अजून कोणाला खात्रीने वाचता आलेली नाही. वाचता येतं तिथून इतिहास. आपल्या तालुक्यात ही रेघ चम्मकला स्पष्ट दिसते. तिथला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात गावाचं नाव आहे चर्मांक, प्रदेशाचं नाव भोजकट आणि नदीचं नाव मधुनदी. चर्मांकचं चम्मक झालं, पण पंधराशे वर्षांत गाव हललं नाही आणि नावही सुटलं नाही. खुद्द आपल्या शहराचं नाव बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवलं. अचलपूरमधले च आणि ल जागा बदलतात आणि अलचपूर होतं, असा नियमच त्याने दिला. तेच पुढचं एलिचपूर. व्याकरणाच्या ग्रंथात उदाहरण झालेलं गाव आहे आपलं, आणि आपण अभिमान कशाचा धरतो ते फ्लेक्सवर रोज दिसतंच.

वय कसं काढतात, हेही थोडक्यात. कार्बन चौदा पद्धत 1949 च्या सुमारास अमेरिकेत लिबी यांनी मांडली. जिवंत असताना झाड, जनावर, माणूस सगळेच हा कार्बन घेत असतात. मेल्यावर घेणं बंद होतं आणि असलेला हळूहळू घटतो. सुमारे 5730 वर्षांत निम्मा. म्हणून कोळसा, दाणा, हाड यांचं वय काढता येतं. दगडाचं या पद्धतीने काढता येत नाही. त्यामुळे "अमुक टेकडीवर दहा लाख वर्षांपूर्वीची मूर्ती सापडली" असा मेसेज आला की आधी विचारा, कोणत्या थरात, कोणी काढली, वय कशावरून? सातपुड्यात बैतूलकडच्या बाजूला 2007 मध्ये अमरावतीच्या डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांनी आदिमानवाची शैलचित्रं उजेडात आणली. केवढी मोठी गोष्ट! पण त्यावरही गावोगाव फिरलेले मेसेज पाहिले तर चित्रांपेक्षा थापाच जास्त. खरं पुरेसं मोठं असताना थापा कशाला लागतात, हे मला कळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपला कायदा या मातीकडे कसं पाहतो? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 48. परवान्याशिवाय गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. म्हणजे माती मोजायची ब्रासमध्ये, एक ब्रास शंभर घनफूट. पंचनाम्यात मुरूम का माती, किती ब्रास, वाहन कोणतं असे रकाने भरले जातात. आत काय होतं, याचा रकाना मी आजवर पाहिलेल्या एकाही पंचनाम्यात नव्हता. आणि परवाना काढून, रॉयल्टी भरून पांढर खोदली तर? मग तर महसूल बुडालाच नाही, म्हणून बातमीही नाही!

दुसरीकडे पुरातत्त्वाचे कायदे आहेत. केंद्राचा 1958 चा, राज्याचा 1960 चा. पण त्यांचं संरक्षण मिळतं ते जाहीर झालेल्या स्मारकांना आणि स्थळांना. गाविलगड संरक्षित आहे, त्याच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आहे. तुमच्या गावची पांढर कोणत्याच यादीत नाही. शिवाय 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्यामुळे नाण्यांचा हंडा निघाला की गावभर बोभाटा होतो. खापराला, जळक्या दाण्याला, अर्ध्या चुलीला कोण दहा रुपये देणार? कायद्याच्या नजरेत ती चूल बिनकिमतीची.

इथं एक जण नक्की म्हणणार, "साहेब, पोट भराचं का खापरं सांभाळाची?" प्रश्न रास्त आहे. पांढरीची माती शेतात टाकायची रीत जुनी आहे, राख-शेणामुळे ती सकस असते, आणि बैलगाडीभर माती नेणाऱ्या शेतकऱ्यावर माझा कणभर राग नाही. घर सारवायला घमेलंभर नेणाऱ्या बाईवर तर नाहीच. पण बैलगाडीने दोनशे वर्षांत जेवढं गेलं नसेल तेवढं जेसीबी दोन रात्रींत नेतो. आणि ते जातं कुठं? रस्त्याच्या भरावात, प्लॉटच्या लेव्हलिंगला, वीटभट्टीवर. भरावाला दुसरी माती मिळते. तुळजापूर गढीसारखी माती दुसरीकडून कुठून आणणार?

दुसरा म्हणणार, प्रत्येक टेकाडात काही तीन हजार वर्षं नसतात. अगदी बरोबर. काही पांढरी दोनशे वर्षांच्या असतील. पण कोणती कोणत्या वयाची, हे उकरून फेकून दिल्यावर कळणार नाही ना! आधी पाहावं, मग ठरवावं, एवढंच म्हणणं आहे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातलं भोन आठवा. विटांचा प्राचीन स्तूप सापडला आणि तो जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात. निदान तिथं काय बुडणार हे आपल्याला माहीत तरी झालं. आपल्याकडे काय जातंय हेही माहीत नाही.

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या. यातल्या एकीलाही कोटीचा निधी लागत नाही.

एक. अचलपूर आणि चांदूर बाजार तालुक्यांतल्या सगळ्या पांढरी आणि गढ्यांची यादी. तलाठी आणि ग्रामसेवकाने गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं तर एका दिवसात एका गावाचं काम होतं. ग्रामसभेत ठराव घेऊन ती यादी तालुक्याला द्या.

दोन. माती-मुरूमाचा परवाना देताना अर्जावर एक प्रश्न वाढवा, की ही जागा पांढर किंवा गढी आहे काय? उत्तर हो असेल तर पुरातत्त्व विभागाच्या माणसाने पाहिल्याशिवाय परवाना नाही.

तीन. शाळांच्या सहली. चिखलदऱ्याला जरूर जा. जाता-येता एक दिवस तुळजापूर गढी, फुपगाव, चम्मक करा. ताम्रपाषाणयुग ज्या गावात दिसतो त्याच्या शेजारच्या शाळेत तो शब्द नुसता घोकायचा, याला काय अर्थ आहे?

चार. पोरांना शब्द द्या. स्तर, पांढर, खापर, अश्मयुग, लोहयुग. ज्या पोराला 'स्तर' माहीत आहे तो ती कापलेली भिंत पाहून थबकेल. तो ट्रॅक्टरवाला पोरगा वाईट नव्हता. त्याला आणि मला, दोघांनाही एकच रोग होता. आम्हाला ती भिंत वाचता येत नव्हती.

परवा पुन्हा त्या गावात गेलो. बातमीमुळे काम थांबलंय, पण भिंतीला पहिल्या पावसात भेगा पडल्यात. चूल नव्हती. ढासळली असेल किंवा कोणी काढली असेल. गुरुजींना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आता तरी लिही."

म्हणून हे लिहिलं. माझ्यापुरतं ठरवलंय, यापुढे मातीच्या उत्खननाची बातमी केली तर ब्रासच्या आकड्याबरोबर जागा पांढरीची होती का, भिंतीत काय दिसलं, हेही लिहीन.

तुमच्याकडून एवढंच हवंय. तुमच्या गावची पांढर कुठं आहे, तिला काय म्हणतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून खाली लिहा. कुठं खोदकाम दिसलं तर काही उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा म्हणजे मापाचा अंदाज येतो, गावाचं आणि जागेचं नाव लिहा आणि मला पाठवा. यादी सरकार करेल तेव्हा करेल, आपण आपली आजपासून सुरू करू.